मिलच्या आवारातलं इंग्रजी गाणं

आमच्या घरात त्या काळात एक वाक्य कोणी उच्चारत नसे. तशी मनाई कोणी केलेली नव्हती, पण घरात आलेल्या पाहुण्यालासुद्धा ते आपोआप कळत असावं. ते वाक्य म्हणजे, मिल बंद झाली. बाबा म्हणत, "सध्या मिल थांबलेली आहे." आई पुण्याच्या मावशीला फोनवर सांगे, "ह्यांना सध्या जरा सुट्टी आहे." आणि मी, कॉलेजात कोणी विचारलंच तर, "पापा सर्विस में हैं" असं हिंदीत सांगून मोकळी होई, कारण खोटं हिंदीत बोललं की ते जरा कमी खोटं वाटायचं. खरं तर सगळ्या इंदूरला ठाऊक होतं. सकाळचा भोंगा वाजत नव्हता, चिमणीतून धूर निघत नव्हता आणि फाटकाला हे एवढं कुलूप होतं. तरी बाबा रोज सकाळी दाढी करत, इस्त्रीचा सदरा घालत, खिशाला पेन लावत आणि वेळेवर निघत. फाटकासमोर चहाची एक गुमटी होती. तिथल्या बाकावर त्यांच्यासारखेच आणखी काही जण येऊन बसलेले असत. दुपारी बाबा जेवायला घरी येत, पानावर बसल्यावर पंख्याकडे बघत जेवत, आणि हात धुवून पुन्हा निघत. बाबा मिलच्या ऑफिसात पत्रव्यवहार पाहायचे. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना जाणारी इंग्रजी पत्रं त्यांच्या हातची असत, आणि त्यामुळे साहेबांपासून मजुरांपर्यंत सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. इंग्रजी बोलताना ते अडखळत, पण वाचायला आणि ऐकायला त्यांचे कान-डोळे पक्के होते. हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मुलांना आईबापांचं बरंच काही माहीत नसतं, आणि कळतं तेव्हा विचारायला ती माणसं उरत नाहीत.

मिल थांबायच्या आधी आमच्याकडे दर गुरुवारी दत्ताचं भजन होई. बाबांचा आवाज मोठा नव्हता, पण लांबपर्यंत जायचा. गल्लीतले मराठी लोक यायचे, मिलमधले माळवी लोक यायचे, आणि हातोदकडचा एक ढोलकीवाला तर बसने येऊन मुक्कामालाच राहायचा. आई साबुदाण्याची खिचडी करायची, आणि इंदूरच्या रीतीप्रमाणे वरून शेव. उपासाच्या खिचडीवर शेव बघून पुण्याची मावशी एकदा कपाळाला हात लावून बसली होती. बाबा गाताना डोळे मिटत आणि डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरत. टेपरेकॉर्डर मधल्या खोलीत कपाटावर असायचा, तो चालू करून ठेवायचं काम माझं. कोऱ्या कॅसेटींचा एक गठ्ठाच बाबांनी आणून ठेवला होता. भजन भरून झालं की डबीच्या कागदावर ते टाकानं लिहिल्यासारख्या सुरेख अक्षरात 'दत्तभजन' लिहीत. मिल थांबली आणि भजनही थांबलं. लोक दोन-तीन गुरुवार आले, चहा पिऊन, इकडचं-तिकडचं बोलून गेले, मग येईनासे झाले. आईनं एकदा धीर करून विचारलं, "अहो, निदान एक पद तरी म्हणा." त्यावर बाबा म्हणाले, "रिकाम्या माणसानं गाऊ नये. लोक म्हणतात, बघा, कसा मजेत आहे." त्यानंतर गुरुवारी आई फक्त दिवा लावायची आणि आम्ही तिघं गप्प बसून आपापल्या वाटणीचा पेढा खायचो.

आईनं डबे सुरू केले तेही असेच, नाव न घेता. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली बरीच एकटी माणसं तेव्हा इंदुरात होती, कारखान्यात, कॉलेजात, ऑफिसात. त्यांना घरची पोळी हवी असे. कोल्हापूरच्याला आमची भाजी गोड लागे, नागपूरच्याला फिकी लागे, आणि पुण्याचा एकजण वरणात गूळ का नाही म्हणून रोज विचारी. आई सगळ्यांना "हो हो, उद्या बघते" म्हणायची आणि उद्या तेच करायची. पहाटेपासून लाटण्याचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा ठसका. नातेवाइकांना सांगायचं, "मला आपली हौस, वेळ जात नाही." वेळ न जाणाऱ्या बाईचे तळवे असे भेगाळत नाहीत, पण कोणी काही म्हणालं नाही. डबे पोचवायची मी, सायकलवर, हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून. बाबा निघायचे तेव्हा ते डबे दारातच ओळीनं मांडलेले असत. बाबा त्यांच्यावरून पाय उचलून जात, पण बघत नसत. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, आम्ही तिघंही त्या वर्षी दमलो होतो ते कामानं नाही. एक साधी गोष्ट न बोलता दिवसभर सांभाळायची, ह्यानं दमलो होतो. दुखतंय कुठे हे सांगायची सोय नसली की माणूस नुसता थकत जातो, आणि घरात कोणी कोणाकडे सरळ बघत नाही.

मला लवकर नोकरी लागावी म्हणून आईनं मला इंग्रजी बोलायला शिकायला घातलं. रेल्वे लाइनीच्या पलीकडे ग्रेस आंटींचं बैठं घर होतं. त्या अँग्लो-इंडियन, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान सिरिल अंकल रेल्वेत गार्ड होते, तेही निवृत्त. घरात नारळाच्या दुधातल्या पिवळ्या भाताचा वास, भिंतीवर येशू, त्याच्याखाली हिरवा गार्डाचा दिवा, आणि कोपऱ्यात दोन कॅसेटींचा मोठा टेपरेकॉर्डर. अंकलना संगीताचं वेड. पण कसलं, तर अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातलं, गुराख्यांचं, ट्रकवाल्यांचं, ज्याला तिकडे कंट्री म्हणतात ते. गुळगुळीत गळ्यांची, गोड जुनी गाणी. ती लावून अंकल आणि आंटी दुपारचे जेवणघरातल्या मोकळ्या जागेत हळूहळू नाचत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लाजून पुस्तकात तोंड घातलं. नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे आमच्या घरात फोटोतसुद्धा नव्हतं. मग मला त्याची सवय झाली. खरं सांगायचं तर त्या घरी गेल्यावर मला पाठ टेकायला जागा मिळाल्यासारखं वाटे.

त्यांचा मुलगा अमेरिकेत गेलेला. तो अधूनमधून वडिलांसाठी कॅसेटी पाठवी. एकदा आलेल्या पाकिटातल्या कॅसेटी अंकलनी लावल्या आणि दोन मिनिटांत तोंड कडू केलं. "ये क्या भेजा है? ये गाना है? ये तो घर का झगड़ा है!" आंटी हसायला लागल्या. मुलानं फोनवर समजावलं होतं की डॅड, हीच तुमच्या कंट्रीची नवी पोरं आहेत, ह्याला इकडे अल्टरनेटिव्ह कंट्री म्हणतात. तेच गिटार, तेच बँजो, तीच मांडीवर घेऊन पट्टीनं वाजवायची रडवी स्टील गिटार, पण चकचकीत कपडे नाहीत, गोड गळे नाहीत. रेडिओवाले लावत नाहीत, छोट्या छोट्या दारूच्या गुत्त्यांत हे लोक गातात. अंकलना ते पटलं नाही. "बैठ के सुन, तू बता," ते मला म्हणाले, बहुधा आंटींना दाखवायला की इतक्या साध्या मुलीलाही हे आवडणार नाही. मी बसले. एक बाप्या गात होता, आणि त्याला गाता येत नव्हतं. म्हणजे आमच्या घरच्या कानांना तसंच वाटणार. आवाज फाटका, सूर मधेच सुटायचा, श्वास ऐकू यायचा, आणि तो ते झाकत नव्हता. आमच्याकडे माणूस देवासमोर गातो तेव्हा आधी घसा खाकरून साफ करतो. हा घसा न खाकरताच सुरू झाला होता. मला पहिल्या वेळी शब्द अर्धे कळले, पण एवढं कळलं की हा माणूस थकलाय आणि थकलोय म्हणून सांगतोय. मला रडू आलं. आंटींनी काही न विचारता माझ्यासमोर रोज-कुकीची, म्हणजे फुलाच्या साच्यातून तळलेल्या गोड खाऊची, बशी सरकवली.

हे संगीत इंदुरात आणखी कुठे ऐकायला मिळेल ह्याचा मी थोडे दिवस शोध घेतला, त्याचं आता हसू येतं. राजवाड्याजवळच्या कॅसेटच्या दुकानात सिनेमाची गाणी, आरत्या, कव्वाल्या आणि जेमतेम एक फळीभर इंग्रजी नाचगाणी होती. मी कंट्रीचं नाव काढलं तर दुकानदार म्हणाला, "कंट्री? देशभक्ति के गाने पंद्रह अगस्त पे आते हैं, दीदी, तब आना." महूच्या छावणीत एखाद्या फौजी मेसमध्ये जुनं कंट्री वाजतं म्हणे, पण तिथे मला कोण घेणार. कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मुलांकडे वॉकमन होते, त्यांत धडाधड वाजणारं काहीतरी असायचं. थोडक्यात, साऱ्या इंदुरात ते गाणं एकाच घरात होतं, आणि त्या घरच्या मालकाला ते आवडत नव्हतं. आता माझ्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं की असले हजार गायक हजर होतात. विजयनगरच्या कॅफेत शनिवारी संध्याकाळी एक मुलगी गिटार घेऊन थेट तसलंच गाते, मी एकदा मुलाबरोबर जाऊन ऐकून आले. चांगली गाते. कॉफी थंड झाली आणि मला घरी जावंसं वाटलं. सगळीकडे मिळायला लागलं की ते कुठे ऐकायचं हा प्रश्नच राहत नाही, आणि त्याबरोबर आणखीही काही राहत नाही.

अंकल मूळ कॅसेट कोणालाही देत नसत. रेल्वेचा माणूस, सामान हाताबाहेर सोडायचं नाही. "कोरी कैसेट ला, उतार देता हूँ," ते म्हणाले. मी बाबांच्या गठ्ठ्यातली एक कोरी कॅसेट नेली, त्यांनी ती भरून दिली. आता घरी ठेवायची कुठे? आई डबे भरता भरता माझी खण-पिशवी सगळं आवरायची, आणि इंग्रजी शिकायला पाठवलेली मुलगी दारूच्या गुत्त्यातली गाणी घेऊन आली हे तिला समजावणं मला जमलं नसतं. म्हणून मी ती सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली. मधल्या खोलीच्या कपाटावर 'दत्तभजन' लिहिलेल्या डब्या होत्या, त्यांतल्या एका डबीतली कॅसेट काढून मी पुस्तकांमागे ठेवली आणि तिच्या जागी ही घातली. त्या डब्यांना महिनोन्महिने कोणी हात लावला नव्हता. कोणी लावील असंही वाटत नव्हतं. दुपारी बाबा जेवून गेले आणि आई जरा आडवी झाली की मी आवाज अगदी बारीक करून टेपला कान लावून बसायची. एक गाणं मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. कोण गात होता, मला माहीत नाही. अंकलनी नावं उतरवून दिली नव्हती. गाण्यातला माणूस म्हणत होता की आमच्या गावची मिल बंद झाली. शब्द अन् शब्द तेच. पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी झटकन टेप थांबवला, जसं काही भिंतीला ऐकू गेलं असतं.

मला फार वाटे की बाबांनी हे ऐकावं. रिकाम्या माणसानं गाऊ नये म्हणतात, तर इथे एक रिकामा माणूस गातोय आणि त्याला कोणी हसत नाहीये, हे त्यांना दाखवावं. पण दाखवायचं कसं? त्यांनी ऐकलं तर त्यांना कळणार, आणि कळलं तर मी त्यांच्या तोंडावर ते वाक्य म्हटल्यासारखंच होणार. आमच्या घरात बापाला असं उघडं पाडत नाहीत. एकदा ते लवकर परतले, मला टेप थांबवायला जरा उशीर झाला. बाबांनी सदरा खुंटीला अडकवत विचारलं, "कोण रडतंय गं हे?" मी म्हटलं, "क्लासचं आहे बाबा, प्रोनन्सिएशनसाठी." ते "बरं, बरं" म्हणाले आणि आत जाऊन पाणी प्यायले. मी आणि ते, आम्ही दोघंही खोटं बोलण्यात तरबेज झालो होतो.

गणपती आले. आमच्या इंदूरची एक रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. अनंत चतुर्दशीला इथल्या मिलवाल्यांच्या झांक्या निघतात. बांबू, कापड, कागद आणि मोटारींवर हलणारे देवादिकांचे देखावे, हजारो दिव्यांनी मढवलेले, आणि ते बघायला खेड्यापाड्यांतून माणसं गर्दी करतात. मिल बंद पडल्या तरी झांक्या थांबल्या नाहीत. पगार नाही, काम नाही, पण झांकी निघालीच पाहिजे, कारण झांकी निघाली नाही तर गावाला कळेल की आपण संपलो. आमच्या मिलचं आवार झांकीच्या कामापुरतं उघडायची परवानगी मिळाली होती. त्या वर्षी कालियामर्दन होतं. गौतमपुऱ्याचे रामेश्वर भिया, मिलचे जुने फिटर, कालियाचा फणा हलवायची मोटार जुळवत होते. दर वर्षी झांकीची गाडी उठताना पहिलं भजन बाबांचं असे. त्या वर्षी बाबांनी आधीच नाही म्हटलं होतं. रामेश्वर भिया सकाळी आमच्या घरी आले, दारातच उभे राहिले. "बड़े बाबू, पहला भजन आपका नहीं होगा तो गाड़ी कैसे उठेगी?"

"नहीं भिया, गला ठीक नहीं है," बाबा म्हणाले.

"तो टेप दे दो. आपकी आवाज तो रहेगी. आज दोपहर को झांकी का भोंगा टेस्ट कर रिये हैं, उसमें लगा के देख लेंगे."

हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं. मी तेव्हा डबे पोचवायला गेले होते. बाबांनी मधल्या खोलीत जाऊन कपाटावरची एक डबी घेतली, न उघडताच खिशात टाकली, आणि दोघं निघून गेले. दुपारी बाबा जेवायला आले नाहीत. आईनं डबा भरून माझ्याकडे दिला. "जा, देऊन ये. आज बऱ्याच दिवसांनी मिलमध्ये शिरलेत, भूक लागली असेल."

फाटकातला छोटा दिंडीदरवाजा उघडा होता. मी पहिल्यांदाच आत जात होते. मोठमोठ्या शेडी, तुटक्या काचा, अंगणात गाजरगवत, आणि मधोमध लाकडी गाडीवर बांबूचा कालिया, अजून अर्धा उघडा, पोटातली मोटार दिसणारा. वीस-पंचवीस माणसं काम करत होती. कोणी कागद चिकटवत होता, कोणी दिव्यांच्या माळा तपासत होता. बाबा एका मोडक्या खुर्चीवर बसून कृष्णाच्या शेल्याला जर लावत होते. मी डबा ठेवला, आणि तेवढ्यात मला रामेश्वर भियांच्या हातात ती डबी दिसली. बाबांचं अक्षर लांबूनही ओळखू येत होतं. तडकलेल्या कोपऱ्यावरून हेही कळलं की मी कॅसेट बदललेली तीच ही डबी. मी "भिया, जरा..." म्हणेपर्यंत त्यांनी कॅसेट टेपमध्ये घालून बटण दाबलं होतं.

खांबावरच्या भोंग्यातून आधी खरखर आली, मग ती रडवी गिटार, आणि मग तो. न खाकरलेला, फाटका, थकलेला आवाज साऱ्या आवारात घुमला. शेडींना लागून परत आला. कोणीतरी फिसकन हसलं. "ये क्या लगा दिया बड़े बाबू?" बाबांचा हात शेल्यावर तसाच राहिला. मी टेपकडे धावले, पण रामेश्वर भियांनी हात आडवा केला. "रुक बेटा, चलने दे. इसके गले में कुछ है." एकेकजण हातातलं काम ठेवून जवळ आला. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, पण त्या गाण्याकडे पाठ करून कोणी काम करत नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं. मग ते पाठ झालेलं गाणं लागलं, आणि रामेश्वर भियांनी मला विचारलं, "तू तो अंग्रेजी पढ़ती है. क्या बोल रिया है ये?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा बघत नव्हते, ते शेल्याकडे बघत होते. त्या माणसांसमोर, त्या आवारात, बाबांसमोर मी ते वाक्य म्हणणार कशी? मी म्हटलं, "किसान है. बोल रहा है, बारिश नहीं हुई, खेत सूख गया."

"हाँ, हाँ," दोघातिघांनी माना हलवल्या. "वहाँ भी यही है."

"खेत नहीं," बाबा म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. आवाज मोठा नव्हता. ऑफिसात कारकुनाला मजकूर सांगावा तसे ते एकेक वाक्य सोडत गेले. भोंग्यातली ओळ संपली की त्यांची ओळ. "खेत नहीं बोल रहा. मिल बोल रहा है. बोल रहा है, हमारे गाँव की मिल बंद हो गई. फाटक पे ताला पड़ गया." मग थांबले, पुढची ओळ ऐकली. "सुबह उठ के मैं फिर भी वहीं जाता हूँ. पैरों को दूसरा रास्ता मालूम नहीं." पुन्हा थांबले. "घरवाली कुछ पूछती नहीं. वो पूछती नहीं है, इससे मैं थक गया हूँ." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि त्यांनी घसा साफ केला नाही.

एक म्हातारा मजूर जमिनीवर उकिडवा बसला आणि त्यानं डोक्याचा गमछा तोंडावर ओढला. मग रामेश्वर भियांनी विचारलं, "पर बड़े बाबू, ये सुना किसको रिया है?" आमच्या गाण्यात ऐकणारा ठरलेला असतो. दत्त असतो, विठ्ठल असतो, निदान कृष्ण असतो. ह्या गाण्यात कोणीच नव्हतं.

"किसी को नहीं," बाबा म्हणाले. "बस, बोल रहा है."

"तो बोल लेने दो," रामेश्वर भिया म्हणाले, आणि ती बाजू संपेपर्यंत टेपला कोणी हात लावला नाही.

घरी परतताना मी सायकल हातात धरून त्यांच्या बाजूनं चालत होते. डबीत दुसरीच कॅसेट कशी आली, हे ते विचारतील असं वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. खूप पुढे गेल्यावर म्हणाले, "गाणारा कुठला गं?" मी म्हटलं, "अमेरिकेतला आहे." "तिकडे पण?" ते म्हणाले. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता. मोठी झालेली मुलगी रस्त्यात बापाचा हात कशी धरणार, म्हणून मी सायकलची घंटी उगाच वाजवली. लोक मला पुढे विचारायचे की तुझे वडील नंतर गायले का. गायले, फार नाही, आणि पूर्वीसारखे नाही. आवाज मधेच चिरकायचा, तरी ते पद अर्धवट सोडत नसत. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी गायले तेव्हा सासरकडच्या एका काकांनी कुजबुजून विचारलं होतं की ह्यांना सर्दी झालीय का. मला राग आला नाही. मला त्या काकांची कीव आली. ते गाणं मात्र मला पुन्हा सापडलं नाही. अंकल गेले, आंटी मुलाकडे गेल्या, आमची कॅसेट बुरशी लागून वाया गेली. फोनवर कितीदा ओळी टाकून पाहिल्या. हजारो बंद मिलांची गाणी निघतात, ते एक निघत नाही. हल्ली मी शोधत नाही. दमायला होतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई संध्याकाळच्या डब्यांच्या पोळ्या करत होती. स्वयंपाकघरात उकाडा, तव्यावर पोळी, परातीत गोळ्यांची रास, तिच्या कपाळावर पीठ. बाबा हातपाय न धुताच आत आले आणि ओट्याजवळ उभे राहिले. इतक्या महिन्यांत कामाच्या वेळी ते तिथे कधी आले नव्हते. आईनं मान वर केली नाही. "जेवलात का तिथे? डबा पुरला?" तिनं विचारलं.

"अगं," बाबा म्हणाले, "मिल बंद झाली."

आईचं लाटणं थांबलं. मला वाटलं ती म्हणेल, माहीत आहे. किंवा म्हणेल, हे आज सांगताय? तिनं पदरानं कपाळ पुसलं, ते पीठ आणखीच पसरलं. तिनं बाबांकडे सरळ बघितलं आणि अगदी साधेपणानं, परवानगी मागावी तसं विचारलं, "मग आता मी रडू का?"

"रड," बाबा म्हणाले, आणि करपायला लागलेली पोळी त्यांनी हातानंच उलटली.